ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर जमा-खर्चाचा मेळ

फिनिक्स शहरातून निघालेला रस्ता फ्लॅगस्टाफची पाइनची वने मागे टाकून उत्तरेकडे जातो आणि सुमारे ३७० किलोमीटरांनंतर पुढे भूमीच उरत नाही. पायाखाली ग्रँड कॅन्यन उघडते. कोलोराडो नदीने युगानुयुगे कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि सुमारे दीड किलोमीटर खोल आहे. १९१९ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९७९ साली त्याला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. दरीचा दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे ऑक्टोबरात ऊन उतरले की थंडी लगेच अंगाला झोंबू लागते.

याच कड्याजवळ बुटक्या झाडांच्या सावलीत ‘ट्रेलर व्हिलेज’ नावाचा तळ आहे. तेथे आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरे, मुक्कामाला येतात. प्रत्येक जागेपाशी पाण्याचा नळ, सांडपाण्याची सोय आणि विजेची पेटी असते. तारेने गाडी त्या पेटीला जोडली की घर नांदते होते. शुद्ध आहाराचा नियम पाळणाऱ्या कुटुंबांना परदेशात हे वाहन सोयीचे वाटते, कारण रसोडा सोबतच फिरतो.

नगरच्या भुसार बाजारात अनेक वर्षे अडत दुकान चालवलेले एक आजोबा, त्यांच्या पत्नी, फिनिक्सला स्थायिक झालेला मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू असे कुटुंब एका दुपारी चारच्या सुमारास या तळावर उतरले. आजींचा चौविहार होता. त्या पाणीही उकळलेलेच घेत. भाड्याच्या गाडीतील गॅसच्या शेगडीवर पूर्वी काय शिजले असेल, हे कोण सांगणार? म्हणून सुनेने घरची इंडक्शन शेगडी आणि भांडी बरोबर घेतली होती.

सूर्यास्ताला तासभर उरला असता तिने मुगाची खिचडी धुऊन शेगडीचा प्लग लावला. शेगडी ढिम्म. प्लग काढून पुन्हा लावला, तरी तेच. छतातले दिवे मात्र लखलखीत जळत होते आणि पाण्याचा पंपही चालत होता.

मुलाचा संताप अनावर झाला. त्याने गाडी देणाऱ्या कार्यालयाला दूरध्वनी लावून नादुरुस्त वाहन दिल्याचा ठपका ठेवला. पलीकडील मुलीने शांतपणे विचारले, “स्नानगृहातील सॉकेटवरचे बटण पाहिले का?” “बिघाड स्वयंपाकघरात आहे, स्नानगृहात नाही!” असे ओरडून त्याने फोन बंद केला. आजी एवढेच म्हणाल्या, “नाही झाले तर आज उपवास घडेल. त्यासाठी कुणाला लागेल असे बोलू नये.”

आजोबा मात्र उठले. दुकानात रोजमेळ चुकला तर ते वही फाडत नसत की दिवाणजीवर खेकसत नसत. आरंभीच्या शिलकेपासून एकेक नोंद तपासत. तीच रीत त्यांनी येथे लावली.

दिवे जळतात, तर मग वीज कोठे अडली? मुलाने, काहीशा नाइलाजाने, समजावले की गाडीत दोन प्रवाह असतात. दिवे व पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. भिंतीतील सॉकेटना १२० व्होल्टची वीज लागते व ती बाहेरच्या पेटीतून येते. म्हणजे दिव्यांची साक्ष येथे निरुपयोगी. दोघांनी बाहेर जाऊन पेटीतील ३० अँपिअरचा ब्रेकर पाहिला, तो चालू होता. मायक्रोवेव्हचे घड्याळ उजळलेले होते, म्हणजे वीज घरात पोहोचत होती. आतल्या फळीवरील ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चढवला. सॉकेट तसेच राहिले.

आता उरले ते स्नानगृह. तेथील सॉकेटवर दोन छोटी बटणे होती. अमेरिकेत याला जीएफसीआय म्हणतात. आपल्या घरांतील ईएलसीबीचाच तो भाऊबंद. एका तारेने गेलेली वीज दुसरीने तितकीच परत येते की नाही, हे तो सतत मोजतो. सुमारे पाच मिलिअँपिअरचा फरक पडला तरी क्षणार्धात पुरवठा तोडतो, कारण हरवलेली वीज कुणाच्या तरी देहातून वाहत असू शकते. अशा गाड्यांत स्वयंपाकघराचे व बाहेरच्या भिंतीचे सॉकेट बहुधा याच्याच आधाराने जोडलेले असतात.

“म्हणजे जमा-खर्च जुळेना, म्हणून दुकान बंद केले,” आजोबा म्हणाले. त्यांनी बटण दाबले. खट् असा आवाज झाला आणि बटण पुन्हा उसळले. मुलगा ते दाबून धरण्यासाठी पुढे झाला. आजोबांनी त्याचा हात अडवला. “दोष अजून वहीतच आहे. बाहेर काही जोडले आहे का?”

नातवाचा चेहरा उतरला. आल्या आल्या त्याने गाडीच्या बाहेरच्या सॉकेटला रंगीत दिव्यांची माळ लावली होती. सकाळच्या पावसात ती भिजली होती. माळ पेटली नाही, म्हणून तो दरी पाहायला पळाला होता आणि वडिलांचा पारा चढलेला पाहून गप्प राहिला होता. “आजोबा, माझ्यामुळे झाले,” तो पुटपुटला. आजींनी त्याला जवळ घेतले.

माळ काढली. मुख्य ब्रेकर उतरवून बाहेरच्या सॉकेटचे झाकण व तोंड कोरड्या फडक्याने पुसले, थोडे वाळू दिले. मग ब्रेकर चढवून बटण दाबले. या वेळी ते जागेवर राहिले. स्वयंपाकघरात शेगडीने बारीक शीळ घातली.

खिचडी झाली, पाणी उकळले, आणि सूर्य बुडण्यास काही मिनिटे उरली असता आजींनी हात धुऊन पच्चक्खाण घेतले. ज्या सूर्यास्तासाठी एवढा प्रवास केला, तो मात्र कुणीच पाहिला नाही. त्या वेळी मुलगा गाडीमागे उभा राहून पुन्हा त्याच कार्यालयाला दूरध्वनी लावत होता. पलीकडे तीच मुलगी होती. त्याने तिची क्षमा मागितली. मग आत येऊन मुलाच्या डोक्यावर हात ठेवून तो “मिच्छामि दुक्कडम्” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सारे जण मॅथर पॉइंटवर गेले. दरीतील खडकांचे थर एकामागून एक उजळत गेले. परतल्यावर नवकारसीची वेळ झाली तेव्हा त्याच सॉकेटवर आजींचे पाणी उकळत होते, आणि माळ टेबलावर उन्हात वाळत पडली होती.