डांगाणातला पाऊस आणि प्रवरेचे पाणी

जून संपत आला की घाटघरच्या कड्यावर कोकणातून ढग चढू लागतात. बघता बघता अलंग दिसेनासा होतो, मग रतनगड, मग समोरचे भातखाचरही. पुढचे तीन महिने इथे सूर्य फारसा कोणी पाहत नाही. घाटघर आणि रतनवाडीच्या पट्ट्यात, म्हणजे डांगाणात, वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच अकोले तालुक्यात पूर्वेकडे पन्नासेक किलोमीटर गेले की पाऊस पाचशेच्या घरात येतो, जमीन मोकळी होते आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला दिसतो. एकाच तहसीलदाराच्या हद्दीत एवढा फरक! अहिल्यानगर जिल्ह्याच्या या पश्चिम टोकाचा सारा इतिहास या फरकातून घडत आला आहे.

नगर म्हटले की डोळ्यांसमोर दुष्काळ, ज्वारी आणि ऊस येतो; पण महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर याच जिल्ह्यात, अकोले आणि इगतपुरीच्या सीमेवर उभे आहे. कळसूबाई १६४६ मीटर उंच. दक्षिणेला हरिश्चंद्रगड, मधे रतनगड, आजोबा, घनचक्कर. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यातून हा काळा कातळ तयार झाला. पश्चिमेला तो एकदम तुटतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की आत वळलेली ती भिंत पाहून बोलणे थांबते. साम्रदजवळची सांदण दरी म्हणजे कातळाला गेलेली खोल भेग. काही ठिकाणी ती इतकी अरुंद की ऊन दिवसातून थोडाच वेळ तळाला पोचते. पूर्वेला मात्र हाच डोंगर हळूहळू उतरत जातो आणि त्या उतारावरून प्रवरा, मुळा, आढळा या नद्या देशाकडे निघतात.

शिखरावरच्या कळसूबाईची कथा गावोगाव सांगतात आणि जुन्या गॅझेटियरमध्येही ती नोंदली आहे. कळसू नावाची रानावनात रमणारी कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, अशी तिची अट होती. एके दिवशी घरातल्या कोणी तरी तिला भांडी घासायला लावलीच. तिने ती घासली, डोंगर चढून गेली आणि अखेरपर्यंत वरच राहिली. नवरात्रात बारी गावातून हजारो माणसे तिच्या दर्शनाला चढतात. आपल्या शब्दाला जागणारी एक कामकरी मुलगी राज्याच्या माथ्यावर देवी होऊन बसली आहे, ही गोष्ट या मुलखाच्या स्वभावाबद्दल पुष्कळ सांगून जाते.

इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ९२ हजार होती आणि त्यात जवळपास निम्मे लोक आदिवासी. मराठेशाहीत गडांची राखण आणि घाटवाटांचा बंदोबस्त महादेव कोळ्यांकडे असे. त्यांचे नाईक आपापल्या टापूत मानाने राहत. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि सारे चित्र पालटले. इंग्रजांनी अलंग आणि मदन या गडांच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. आजही तिथे दोर लावल्याशिवाय वर जाता येत नाही. गडांबरोबर गडकऱ्यांचे हक्कही गेले. सावकाराच्या वहीत जमिनी अडकू लागल्या.

देवगावचे राघोजी भांगरे यातूनच उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी, रामजींनीही इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले होते. राघोजींनी १८४० च्या दशकात डोंगरातल्या तरुणांना एकत्र केले, सावकारांच्या घरांवर चाल केली, कर्जाचे कागद जाळले. डोंगरातली प्रत्येक वाट त्यांना ठाऊक होती आणि प्रत्येक पाडा त्यांना भाकरी देत होता. अखेर ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. सत्तावनच्या उठावाला तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता.

लढायांच्याही आधीचा एक शांत इतिहास या डोंगरांत आहे. रतनवाडीत प्रवरेच्या उगमाजवळ अमृतेश्वराचे कोरीव मंदिर आहे. ते शिलाहारकालीन मानले जाते. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या थंडगार पाण्यात भव्य शिवलिंग उभे आहे. ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ चांगदेवांनी याच गडावर लिहिला, असे मानले जाते. एवढ्या पावसात आणि एवढ्या एकांतात कोणी ग्रंथ लिहीत बसले होते, हा विचारच गडावर गेलेल्या माणसाला अंतर्मुख करतो.

इंग्रजांचे लक्ष मात्र पावसावर गेले. खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडची सपाट काळी जमीन पाण्यावाचून पडून होती आणि वर डोंगरात पाणी वाहून जात होते. शेंडी गावाजवळ प्रवरा अडवायचे ठरले. १९१० साली काम सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी भंडारदरा धरणाचे उद्घाटन केले. ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत गणली जात होती. तिच्यामागे ११ टीएमसी पाणी साठते. ते नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून कालव्यांत शिरते. त्या कालव्यांनी प्रवरेचा काठ उसाने भरून टाकला. १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि महाराष्ट्राच्या सहकाराला दिशा मिळाली. त्या थोर कामाचे मोल कमी करण्याचा प्रश्न नाही. पण त्या साखरेत घाटघर, रतनवाडी, साम्रदचा पाऊस आहे. धरणाच्या पोटात गेलेली भातशेतीही आहे.

वरच्या गावांत पावसाळा सरला की पाणी सरते. कातळ पाणी धरून ठेवत नाही. जलाशयाच्या काठच्या वाड्यांतल्या बायांनाही एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन झऱ्याकडे जावे लागते. शेती एकाच हंगामाची. उन्हाळ्यात राब भाजायचा, जुलैत चिखलात उभे राहून आवणी करायची, उतारावर नागली, वरई, खुरासणी लावायची आणि दिवाळीनंतर पोटासाठी बाहेर पडायचे. नारायणगावच्या मजूर बाजारात पहाटे उभ्या असलेल्या माणसांत डांगाणातली जोडपी हटकून दिसतात. द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या शेतांत त्यांचे हात राबतात.

तरीही हा मुलूख उदास नाही. इथली डांगी गुरे पाहावीत. पांढऱ्या अंगावर काळे वा लाल ठिपके, आणि कातडीला असा तेलकटपणा की मुसळधार पावसातही ती डोंगरात चरत राहतात. राजूरला या जनावरांचे प्रदर्शन भरते; पेढ्यांसाठी नावाजलेल्या या बाजारगावात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. वसुबारसेच्या दिवशी महादेव कोळी वाघबारस साजरी करतात. गुराखी घरोघर जाऊन तांदूळ, दूध, गूळ मागून आणतात, शिवेवरच्या वाघोबापुढे खीर शिजते आणि गुरांचे रक्षण कर असे त्या वाघालाच साकडे घातले जाते. जंगलात वाघ उरला नसला तरी वाघाशी केलेला हा करार लोकांनी मोडलेला नाही.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच मातीतल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घराच्या एका खोलीत गावठी वाण जपायला सुरुवात केली: वालाचे, घेवड्याचे, काळभातासारख्या भाताचे. संकरित बियाण्यांची भाजी खाऊन नातवंडे आजारी पडतात, असे त्यांना वाटले आणि त्या कामाला लागल्या. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली आणि त्या खोलीची बियाणे बँक झाली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विद्यापीठांतले शास्त्रज्ञ आज त्यांच्या अंगणात बसून शिकतात.

मे अखेरीस हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लखलखू लागले की मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग भंडारदऱ्यापर्यंत लागते. त्यातून वाड्यांतल्या तरुणांना तंबू, जेवण, वाटाड्याचे काम मिळते, हे चांगलेच आहे. पण गाड्यांचे दिवे, मोबाइलचे उजेड आणि झाडाखालची तुडवातुडव काजव्यांच्या मिलनकाळात होते. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले ते या जिवांसाठीही होते, याची पाहुण्यांनी आठवण ठेवावी.

पाण्याचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. १९७० साली मंजूर झालेल्या निळवंडे प्रकल्पाच्या कालव्यात पाणी खळाळायला २०२३ साल उजाडले. त्याच वर्षी २६ एप्रिलला भर उन्हात हजारो शेतकरी आणि आदिवासी अकोल्याहून लोणीकडे पायी निघाले. वनजमिनींचे हक्क, दुधाचे भाव, कामगारांचे प्रश्न घेऊन ते प्रवरेच्याच वाटेने चालत होते. सरकारने बोलणी केली आणि मोर्चा वाटेतच थांबला.

१० डिसेंबर २०२६ रोजी भंडारदरा धरणाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने जलाशयाच्या काठच्या प्रत्येक वाडीत मे महिन्यातही नळाला पाणी यावे, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनींचे दावे निकाली निघावेत. शंभर वर्षे पाणी देणाऱ्या डांगाणाचे एवढे देणे प्रवराकाठाने आणि सरकारने मिळून फेडायलाच हवे.