सात सेकंदांचं देणं

शब्द नसलेलं, जेमतेम अडीच मिनिटांचं एक गाणं आहे. ब्रासची वाद्यं उसळत असतात, गिटार त्यांच्या मागोमाग चालत असते, एका जुन्या भजनाची धून हसतखेळत पुढे सरकत असते, आणि दीड मिनिटाच्या थोडं अलीकडे सगळे एकदम थांबतात. उरतो एकटा ड्रमर. चार आवर्तनं त्याची. पहिल्या दोहोंत तो मघाचाच ठेका धरून चालतो. तिसऱ्यात स्नेअरवरचा एक घाव, जिथं पडायचा तिथं न पडता, क्षणभर रेंगाळून पडतो. चौथ्यात तर समेवर काहीच नाही, नुसती मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेच्या पलीकडून झांजेचा लखलखीत आघात, ठरल्या वेळेच्या किंचित आधीच येऊन कोसळतो. सात सेकंद. मग बाकीची वाद्यं परत येतात आणि गाणं आपल्या वाटेनं संपून जातं.

ड्रमरचं नाव ग्रेगरी कोलमन.

गाणं 'आमेन, ब्रदर', साल १९६९, बँड 'द विन्स्टन्स'. तबकडीच्या पहिल्या बाजूवर 'कलर हिम फादर' होतं, त्याला ग्रॅमी मिळालं. हे दुसऱ्या बाजूचं, बाजू भरावी म्हणून केलेलं. 'लिलीज ऑफ द फील्ड' या १९६३च्या चित्रपटानं घरोघरी पोचवलेलं 'आमेन' त्यांनी वाद्यांवर बसवलं, आणि लांबी कमी पडते म्हणून मध्ये ड्रमला जागा दिली. मुळात उसनी चाल, आणि तिच्या पोटात भर म्हणून घातलेले हे सात सेकंद. पुढे त्यांनी अर्धं जग नाचवलं.

तेही मोठं विलक्षणच. १९८६च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' नावाची तबकड्यांची माला निघाली, तिच्यात हे विसरलेलं गाणं पुन्हा बाहेर आलं. सॅम्पलर तेव्हा नवे होते. 'एसपी-१२००' या यंत्राच्या पोटात सगळा मिळून दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग पोरं तेहतीसच्या वेगाची तबकडी पंचेचाळीसच्या वेगानं पळवायची, आवाज आखडून आत घ्यायची, आणि आत गेला की पुन्हा सैल सोडायची. या ओढाताणीत आवाजावर एक खरखर चढायची, आणि ती खरखरच त्या संगीताचा रंग होऊन बसली. पुढे लंडनच्या पोरांनी कोलमनचे घाव सुटे सुटे केले, उलटसुलट जोडले, लय चांगलीच वाढवली, आणि त्यातून 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' अशी अख्खी घराणीच उभी राहिली. हजारो गाण्यांत तो ठेका आहे. जाहिरातींत आहे, खेळांत आहे, तुम्हीआम्ही नकळत त्यावर पाय हलवलेला आहे.

२००६ साली कोलमन अटलांटात वारला. तेव्हा तो बेघर होता.

त्याच्या हातांनी काय घडवलं हे त्याला कधी कळलं असेल असं त्याच्या बँडच्या म्होरक्याला, रिचर्ड स्पेन्सरला, वाटत नव्हतं. गाण्याचे हक्क स्पेन्सरकडे होते, पण त्याच्याही हातावर कुणी काही ठेवलं नव्हतं. आपल्या तबकडीचं काय झालंय हे त्याला कळलं तेच १९९६ साली. तोवर दाद मागायची मुदत सरून गेली होती.

मला यात नेमकं काय सलतं, हे मी मनाशी पुष्कळदा चाचपून पाहते. ठेका उचलला, हे सलत नाही. उचलण्यातच संगीत वाढतं, हे तर आमच्या रक्तात आहे. आजोळच्या कपाटात 'सौभद्रा'ची पानं सुटलेली एक प्रत होती. कागद इतका पिवळा आणि ठिसूळ की बोट लागलं तरी कोपरा तुटून हातात यावा. तिच्यात प्रत्येक पदाच्या डोक्यावर, कंसात, बारीक ठशात छापलेलं असायचं: चाल अमुक. कुठल्या लावणीची, कुठल्या कानडी पदाची, कुठल्या साकी-दिंडीच्या वळणाची, ते सांगून मोकळं. आजी ते कंसातलं आधी वाचायची, गुणगुणून पाहायची, आणि मग त्याच वाटेनं पदात शिरायची. किर्लोस्करांचं पद त्यामुळे कुठंही कमी होत नव्हतं. उलट एका पदात दोन गाणी ऐकू यायची, वरचं आणि खालचं, नदीच्या पाण्यात तळातली वाळूही दिसावी तशी.

बंदिशींचंही तेच. अस्थायी भरत जाते, अंतरा तारसप्तकाला जाऊन भिडतो, आणि तिथं, सुरांच्या ऐन गर्दीत, एक नाव उमलतं. सदारंग. मुहम्मदशहाच्या दरबारातले नियामत खाँ दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी गेले, पण आजही कुठल्याशा सभागृहात, कुठल्याशा पंचविशीतल्या मुलीच्या तानेच्या टोकावर ते हजर होतात. जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास' होऊन येतात. अभंगाचं शेवटचं चरण संताचं नाव घेतल्याशिवाय मिटत नाही. गाणं कुणीही गावं, कुठंही न्यावं, आपापल्या गळ्यानं फिरवावं. नाव मात्र आतच विणलेलं, ते उसवून काढायला गेलं तर मात्राच मोडाव्यात. कोलमनला अशी सोय नव्हती. ठेक्यात नाव कुठं गुंफणार? घाव पडतो आणि विरतो. हाताचा ठसा राहतो, पण तो वाचणार कोण?

आणि ऐकलेलं आपल्यात जातं तरी कुठं? शेजारच्या रेडिओवरून भिंत ओलांडून आलेली विविधभारतीची दुपार, पहाटेच्या एसटीत ड्रायव्हरनं लावलेली कॅसेट, देवळाच्या मागून येणारी टाळांची लय, बाळंतिणीच्या खोलीतली कुणाची तरी अर्धी अंगाई: हे सगळं आत झिरपतं, कुठल्याशा खडकात साठून राहतं, त्याच्यावरचा पत्ता पुसला जातो, आणि मग एखाद्या संध्याकाळी, काही कारण नसताना, एक ओळ ओठांवर येते, इतकी ताजी, इतकी आपली, की ती आत्ता, या घटकेला, आपल्यातच जन्मली असं वाटावं.

जॉर्ज हॅरिसनचं असंच झालं असेल.

तेच १९६९ साल, डिसेंबर, कोपनहेगन. पत्रकारांच्या गराड्यातून तो बाजूला सरकला, गिटार छेडू लागला, आणि 'हालेलुया' आणि 'हरे कृष्ण' या दोन नामघोषांना एकाच चालीत बसवू लागला. त्यातून 'माय स्वीट लॉर्ड' झालं. ईश्वराला भेटायची इतकी साधी, इतकी उघडी तळमळ त्या काळच्या रॉक संगीतात क्वचितच ऐकू आली असेल. आणि मग दावा लागला, की ही चाल रॉनी मॅकनं 'शिफॉन्स'च्या मुलींसाठी लिहिलेल्या १९६३च्या 'ही'ज सो फाइन'ची आहे. न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः ऑपेरा रचणारे. १९७६च्या निकालपत्रात त्यांनी दोन्ही गाणी सुरासुरानं उलगडली. ती स्वरावली मी आमच्या सरगमीत मांडून पाहिली: प ग रे, प ग रे, आणि पाठोपाठ प ध सां ध सां. मध्ये एका ठिकाणी रिषभाचा एक कण, दोन्ही गाण्यांत नेमका त्याच जागी. पेटीवर बोटं ठेवली आणि अंगावर काटा आला. हे सगळे सूर भूपाच्या घरचे! लहान मुलाला पेटीसमोर बसवलं की ज्या पाच सुरांवर त्याची बोटं आपोआप रमतात, तेच हे. पाच सुरांच्या या अंगणात किती देशांची किती माणसं युगानुयुगं खेळत आली आहेत, आणि एकमेकांच्या पावलांवर पावलं पडणार नाहीत असं कसं होईल?

पण तो कण. तो रिषभाचा कण अंगण सर्वांचं आहे म्हणून उडवून लावता येत नाही. तो कुणाच्या तरी गळ्याचा खास झोका होता. न्यायाधीशांनी हॅरिसनला चोर म्हटलं नाही. त्यानं जाणूनबुजून हे केलेलं नाही, जाणिवेच्या तळाशी दडलेल्या आठवणीनं केलं, असं त्यांनी लिहिलं आणि तरी दोष त्याच्या पदरी ठेवला. शेजारणीकडून आणलेल्या विरजणावर लागलेलं दही आपलंच असतं; पण कवडीसारखं लागलं की आपण आल्यागेल्याला सांगतो, विरजण वहिनींकडचं हो. हॅरिसन हे सांगायचं विसरला, कारण विरजण कुठून आलं हेच त्याला आठवत नव्हतं. आणि रॉनी मॅक १९६३ सालीच, अगदी तरुणपणी गेला होता. त्याच्या गाण्याचा हिशेब मागणाऱ्या कचेरीत तो स्वतः कधीच बसणार नव्हता.

नावाचं हे दुखणं आपल्या अगदी जवळच्या गळ्यानंही सोसलं आहे. १९४९च्या 'महल'मधल्या, खेमचंद प्रकाशांच्या त्या गूढ, झोपाळ्यासारख्या हलत्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव! रेडिओवर श्रोत्यांची विचारणा सुरू झाली, हा आवाज कुणाचा, आणि तेव्हा कुठं लता मंगेशकर हे नाव हवेत उच्चारलं गेलं. पुढे साठच्या दशकात गायकांनाही रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाई उभ्या राहिल्या. रफीसाहेबांचं मत वेगळं पडलं आणि काही वर्षं ते दोघं एकत्र गायले नाहीत. किती युगुलगीतं त्या अबोल्यात न जन्मताच राहिली असतील, याची हळहळ वाटते. तरी लताबाईंचा हट्ट मला आज अधिकाधिक कळत जातो.

कारण २००२ साली तोच आवाज अमेरिकेतल्या मोटारींतून घुमू लागला. १९८१च्या 'ज्योती'मधलं बप्पी लाहिरींचं गाणं डीजे क्विकनं उचललं आणि त्यावर ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' उभं राहिलं. खाली लताबाईंचा गळा फिरत राहतो, रेशमी, तिरपा, आपल्याच धुंदीत. वर इंग्रजी गाणं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोहरले होते, खोटं कशाला सांगू. परक्या शहराच्या गर्दीत माहेरचं कुणी पाठमोरं दिसावं आणि हाक मारायला जीभ उचलावी, तसं झालं. पण हाक मारावी तर श्रेयात नाव नव्हतं. लाहिरी न्यायालयात गेले. लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं २००३च्या फेब्रुवारीत आदेश दिला, की त्यांचं नाव श्रेयात येत नाही तोवर विक्री थांबवा. पुढे हक्कच त्यांच्याकडे नव्हता म्हणून त्यांचा दावा टिकला नाही. मालकीच्या त्या लांबलचक वाटेवर वकील, कंपन्या, करारपत्रं अशी सगळी दाटी झाली. मला मात्र त्यातला तो एक आदेश सोन्यासारखा वाटतो. नाव घाला, मग गाणं वाजू द्या.

कायद्याला हे नेहमीच साधतं असं नाही. २००५ साली एका अमेरिकन न्यायालयानं गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यावरून सांगितलं, परवाना घ्या, नाहीतर हात लावू नका. आणि ज्यांच्या खिशात परवान्याचे पैसे नव्हते त्यांची यंत्रं मुकी झाली. कधी कायदा दुसऱ्या टोकाला जातो. 'द व्हर्व'च्या १९९७च्या 'बिटर स्वीट सिम्फनी'नं रोलिंग स्टोन्सच्या गाण्याच्या एका वाद्यवृंदी रूपातला तुकडा घेतला, तर ते लिहिणाऱ्या रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टच्या हातून अख्खं गाणंच गेलं. बावीस वर्षांनी, २०१९ साली, रोलिंग स्टोन्सच्याच मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी ते आपणहून त्याला परत दिलं. कुठल्याही न्यायालयानं त्यांना तसं सांगितलं नव्हतं. दोन म्हाताऱ्या कलावंतांना ते करावंसं वाटलं.

तसंच काहीसं २०१५ साली कोलमनच्या ठेक्याच्या बाबतीत घडलं. त्या सात सेकंदांवर तारुण्य नाचून घालवलेल्या माणसांनी इंग्लंडातून वर्गणी गोळा केली. चोवीस हजार पौंड जमले आणि ते स्पेन्सरच्या हाती गेले. हक्काच्या हिशेबात ती रक्कम चिमूटभरच. पण ज्यांनी कुणी त्यात पाच-दहा पौंड घातले, त्यांना ते घालण्यासाठी आधी शोधावं लागलं असेल, की हे वाजवलं कुणी. इतकी वर्षं पायांना ठाऊक असलेला ठेका त्या दिवशी त्यांना नावानिशी भेटला. कोलमनपर्यंत ते पोचायला नऊ वर्षं उशीर झाला.

त्याच्या हयातीत पैसे पोचायला हवे होते. डोक्यावर छप्पर, औषधपाणी, दोन वेळचं जेवण, हे नुसत्या नावानं भागत नाही, आणि कायद्यानं तो हिशेब अधिक माणुसकीनं करायला शिकलंच पाहिजे. पण सगळे हिशेब चुकते झाले तरी एक देणं शिल्लक राहतं, आणि ते न्यायालयाच्या दारात फिटणारं नव्हे. ते आपलं आहे, ऐकणाऱ्यांचं. म्हणून हल्ली घरातली मुलं कुठलंही नवं गाणं लावतात तेव्हा मी त्यांच्यापाशी जाऊन बसते आणि विचारते, हा ठेका कुणाचा रे, ही धून कुठून आली? ती शोधू लागतात. एका नावामागे दुसरं निघतं, त्याच्यामागे तिसरं, एका गल्लीतून दुसऱ्या खंडात जाणारी वाट उघडते, आणि मघाशी नुसतं कानावर पडणारं गाणं माणसांनी भरून जातं. चालींना कुंपण घालू नये. त्या फिरण्यासाठीच जन्माला येतात. पण ज्यांच्या हातांनी, ज्यांच्या गळ्यांनी त्या आपल्यापर्यंत आणल्या, त्यांना विचारून, आठवून, मोठ्यानं उच्चारून सोबत ठेवणं हे आपलं काम आहे, आणि ज्याला गाणं आवडलं त्या प्रत्येकाकडे ते आपोआप आलेलं आहे.