पडद्यामागचं मालेगाव

'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा फैझा अहमद खान यांचा 2008 सालचा माहितीपट 'मालेगाव का सुपरमॅन' या चित्रपटाच्या निर्मितीची गोष्ट सांगतो. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असलं, तरी धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने ते जेमतेम 50 किलोमीटर. बोली, ऊन आणि धूळ खानदेशाचीच. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख चित्रपटाचे दिग्दर्शक, तर यंत्रमागावर राबणारा किडकिडीत शफीक सुपरमॅन.

खरी मजा तांत्रिक जुगाडात आहे. कॅमेरा सरकवायला सायकल, उंच न्यायला बैलगाडी. नायकाला उडवायचं, तर मागे हिरवं कापड ताणून त्याला आडवा धरायचा. कापडाच्या जागी आकाश नंतर संगणकावर येतं. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो, शूटिंग थांबतं. शफीकचं लग्नही याच धामधुमीत उरकतं.

पडद्यामागचा कामगार दाखवणं नवं नाही: रॉक महोत्सवावरच्या 'वुडस्टॉक' (1970) या माहितीपटात गायकांइतकाच फिरती शौचालयं साफ करणारा माणूसही लक्षात राहतो. इथे मात्र कलाकार आणि कामगार एकच. त्यामुळे हा माहितीपट मूळ चित्रपटापेक्षा सरस वाटतो.

शफीकचं 2011 मध्ये कर्करोगाने निधन झालं. माहितीपट भारतातल्या चित्रपटगृहांत लागला 2012 मध्ये.