आधीच्याचे देणे

ज्याचे देणे त्याने फेडावे, ही आपली जुनी रीत. पण संगणकाच्या राज्यात एकाचे देणे कधीकधी गुपचूप दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि ते चढवणारा कोणी हाती लागत नाही!

एका ग्रंथालयाच्या दंडाच्या यादीत मी हे पाहिले. जिने वर्षभरात एकही पुस्तक घरी नेले नव्हते, तिच्या नावापुढे ३४० रुपये! तिच्या वरच्या ओळीतही नेमके तेवढेच. दंड भरल्याखेरीज परीक्षेचे प्रवेशपत्र नाही. ती काकुळतीने सांगत होती आणि खिडकीतून एकच उत्तर येत होते, “संगणक खोटे बोलत नाही.”

ती यादी एसक्यूएल सर्व्हरमधली एक स्टोअर्ड प्रोसिजर काढत असे. ती मला तपासायला मिळाली. एकेका विद्यार्थ्याचा क्रमांक घ्यायचा, ‘सिलेक्ट’ने त्याच्या दंडाची नोंद शोधायची, रक्कम व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि छापायची, एवढेच तिचे काम. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा. गडी तो घेऊन वाण्याकडे जातो. माल नसला तर कालचीच डाळ तशीच परत आणतो, आणि आपण ती आजची समजून शिजत टाकतो! ‘सिलेक्ट’ला नोंद सापडली नाही, तर व्हेरिएबलला तो हातच लावत नाही. तक्रारही करत नाही. त्या मुलीची नोंदच नव्हती. आधीच्याची रक्कम डब्यात तशीच राहिली.

‘सेट’चा स्वभाव निराळा. त्याच्या कंसातल्या शोधाला काही मिळाले नाही, तर तो डब्यात ‘नल’ ठेवतो; एकाहून अधिक नोंदी मिळाल्या, तर चूक दाखवून थांबतो. ‘सिलेक्ट’ मात्र अनेकांतली एक रक्कम ठेवून मुकाट्याने पुढे जातो. फेरीच्या आत व्हेरिएबल नुसते पुन्हा जाहीर केल्यानेही डबा रिकामा होत नाही. दर फेरीच्या आरंभी त्यात आपल्या हाताने ‘नल’ ठेवावे लागते. ती एक ओळ घातली आणि यादी सरळ झाली.

एडगर कॉड यांनी १९८५ साली मांडलेल्या नियमांत या ‘नल’ला स्वतंत्र स्थान दिले. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरी अक्षरेही नव्हेत. नल म्हणजे ‘माहिती नाही’.

मला वाटते, हे दोन शब्द यंत्राला शिकवणे त्या मानाने सोपे आहे. खिडकीमागच्या माणसाला ते कोण शिकवणार?