दारातली ओल

गेल्या जुलैमध्ये माझ्या मोटारीत एक वही भिजली. वही माझी नव्हती. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून ऐकून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या तीत होत्या. प्रकल्पासाठी तिने ती मला वाचायला दिली होती आणि तिची दुसरी प्रत नव्हती. रात्रभर पाऊस झाला. सकाळी मागचे दार उघडले, तर पायपुसणीवर पाणी साचलेले आणि वहीतली निळी शाई पानापानांतून पसरलेली. काचा बंद होत्या, छप्पर शाबूत होते. मग पाणी आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मोटारीच्या दाराविषयीचा माझा एक गैरसमज दूर झाला. दार पाणी अडवते अशी माझी समजूत होती. वास्तविक ते पाणी आत घेते. काच जिथून खाली उतरते तिथली रबरी पट्टी पाऊस पूर्णपणे रोखू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाशी मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांतून बाहेर जाते. मात्र दाराच्या आतल्या पत्र्याला, काच वरखाली करणारी यंत्रणा बसवण्यासाठी, मोठमोठी भोके असतात. ती झाकण्यासाठी प्लास्टिकचा एक पातळ पडदा लावलेला असतो. आपल्याला दिसणाऱ्या शोभेच्या आवरणामागे तो आयुष्यभर अदृश्य राहतो. त्याचे काम पाण्याला थोपवण्याचे नाही, त्याला खालची वाट दाखवण्याचे आहे.

उन्हाळ्यात काच अडकली म्हणून एका गॅरेजमध्ये हे दार उघडले होते. परत बसवताना तो पडदा कडेने चिकटवलाच नव्हता. पण सगळा दोष तिकडे ढकलून मला मोकळे होता येणार नाही. जूनपासून गाडीत कुबट वास येत होता आणि मी काचा थोड्या उघड्या ठेवून वेळ मारून नेत होते.

वही टिपकागदांत घालून पंख्याखाली ठेवली आणि त्याच आठवड्यात पडदा चिकटवायला मी स्वतःच बसले. स्नानगृहाच्या कामातून उरलेली सिलिकॉनची नळी घरात होती. पाणी अडवणारा पदार्थ म्हणून तिच्याइतके योग्य काय असणार! लावताना शिरक्यासारखा आंबट वास आला. पुढे कळले की, या प्रकारचे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्याला त्याने गंज चढू शकतो. शिवाय हा पडदा बहुधा पॉलिथिनचा असतो आणि पॉलिथिनला सहसा काहीच धरत नाही. दहाव्या दिवशी पडदा पुन्हा लोंबत होता आणि सिलिकॉनची वाळलेली दोरी पत्र्यावर तशीच होती.

मग ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. त्यांनी ती दोरी नखाने उचलून पाहिली. “मॅडम, हे वाळतं ना, तिथंच चुकलं. इथं न वाळणारं लागतं.”

न वाळणारा गोंद ही कल्पनाच मला परस्परविरोधी वाटली. मी एकेक पर्याय पुढे करत गेले. चपला जोडायचे पिवळे सोल्यूशन? ते धरेल, पण पुढच्या खेपेस दार उघडताना पडदा फाटेल. क्षणात चिकटणारा गोंद? तो काचेसारखा कडक होतो. दार दिवसातून दहा वेळा आपटते, तडा जाणारच. दोन्ही बाजूंनी चिकटणारी स्पंजची पट्टी? पत्र्याच्या उंचसखल कडांवर ती मध्येच पूल बांधते आणि त्या पुलाखालून पाणी वाहते. शेवटी त्यांनी कागदात गुंडाळलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची एक काळी वळी काढली: ब्यूटिल.

१९३७ साली अमेरिकेत शोध लागलेले हे कृत्रिम रबर हवा फारशी आरपार जाऊ देत नाही, म्हणून टायरच्या ट्यूबमध्ये वापरले जाते. या वळीतले ब्यूटिल मात्र कधीच पक्के होत नाही. दाबले की खाचखळग्यांत शिरते, थरथरीबरोबर हलते आणि पडदा पुन्हा काढायचा झाला तर थोडी ऊब देताच सैल होते. ते स्वच्छ असेल तर तेच पुन्हा दाबून बसवता येते. त्याचा शत्रू एकच, धूळ. मिस्त्रींनी तासभर सिलिकॉन खरवडले, “यावर दुसरं काहीच बसत नाही” असे पुटपुटत. मग पत्रा स्पिरिटने पुसला आणि वळी भोकांभोवती कोठेही खंड न पाडता फिरवली. पडद्याची खालची कड दाराच्या पोकळीत वळवली. तळाची छिद्रे मात्र तारेने मोकळी करून तशीच सोडली.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाच्या कृती आहेत. देवालये आणि मूर्ती हजारो वर्षे टिकाव्यात म्हणून कच्च्या कवठासारखी फळे, साली आणि राळ उकळून करावयाचे ते लेप. मराठीतही ‘वज्रलेप’ हा कायमच्या पक्केपणाला आपण दिलेला शब्द आहे. दुसरीकडे ‘स्नेह’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या धातूत चिकटणे आणि माया असणे हे दोन्ही अर्थ आहेत. न्यायवैशेषिकांनी तर स्नेह हा पाण्याचाच गुण मानला. विखुरलेल्या पिठाचा गोळा होतो तो त्यामुळे. वर्षानुवर्षे हे मी वर्गात सांगत आले, पण जोडणीचे हे दोन वेगळे आदर्श आहेत, हे त्या काळ्या वळीला हात लावेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. जे पुन्हा उघडावे लागणार आहे, तिथे वज्रलेप उपयोगाचा नाही. जुने बांधणीकार पुस्तकांना मोरचूद घातलेली खळ लावत. ती पाण्याने सुटते, आणि म्हणूनच पुस्तक पुन्हा बांधता येते.

विद्यार्थिनीला वही दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आजी आहे, मॅडम. पुन्हा सांगेल.”

दिवाळीत ती गावी जाऊन आली. आजीने पुन्हा ओव्या सांगितल्या, पण त्याच नव्हे. काहींतले भावाचे गाव बदलले, काहींना एक चरण जास्तीचा लागला. अकरा ओव्या आल्याच नाहीत. अशा काही आपण सांगितल्या होत्या हेच आजीला आठवेना. “मग यातल्या खऱ्या कोणत्या?” तिने विचारले. दोन्ही, असे मी म्हटले, आणि मौखिक परंपरेत पाठ कधी पक्का होत नसतो, हेही सांगितले. ते खरेच आहे. पण त्या अकरा ओव्या माझ्या गाडीत गेल्या, तेव्हा हे खरे माझ्या तोंडी शोभत नव्हते.

आता दर पावसाळ्याआधी मी मागच्या काचेवर दोन तांबे पाणी ओतते आणि वाकून पाहते. ते तळाच्या छिद्रांतून ठिबकू लागले की आत हात घालून पायपुसणी चाचपते. या जूनमध्ये ती कोरडी होती. तरीही वह्या मी आता हातातच धरून नेते.