एक सूत जाडीची हद्द

१० मे २०२५, शनिवार
गुलाबाच्या वाफ्यात पुन्हा हरळी. जानेवारीत माळ्याने वाफा वीतभर खणून मुळ्या वेचल्या होत्या. लॉनमधून धुमारे आलेच. तिरक्या रोवलेल्या विटांची कड तिला पुरत नाही, सांध्यासांध्यातून येते. आता लोखंडी पट्टीच बसवायची. आर्किटेक्ट भाचीचा हट्ट कॉर्टेनचा. "मामा, त्याचा गंज हेच त्याचं कवच." खरं आहे, पण ते कवच धरायला पोलाद भिजून पुन्हा वाळावं लागतं. आमचा वाफा कायम ओला. साधं एमएस बरं.

१३ मे, मंगळवार
फॅब्रिकेटर : "काका, किती सुताची?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पातळ पत्रा स्वस्त पडतो, पण त्याची कापलेली कड म्हणजे सुरी, आणि आमचा नातू सदा अनवाणी. एक सूत जाड, चार इंच रुंद, वीस फुटी दोन पट्ट्या सांगितल्या. वजन तीस किलोच्या आसपास. मागे दर तीन फुटांवर पाइपचे तुकडे वेल्ड करायचे, त्यांतून तीन सुती सळईच्या खुंट्या ठोकायच्या. वर रेड ऑक्साइडचा हात.

१८ मे, रविवार
आखणी. रबरी नळी तासभर उन्हात टाकली की लुळी पडते आणि हवं ते वळण धरते. तिच्या कडेने फक्की टाकली. गच्चीवरून पाहिलं तर माझं नाजूक वळण म्हणजे सुटलेलं पोट! "तुमच्यावरच गेलंय," ही म्हणाली. नळी तीनदा हलवली.
मग चर. वर माती, वीतभर खाली मुरूम, त्याखाली पुण्याचा काळा कातळ. पहारीने ठिबकची नळी फुटली, ते वेगळंच.

२४ मे, शनिवार
पट्टी वाकवताना घाई केली की कोपरा पडतो. नारळाच्या बुंध्याला टेकवून, थोडी दाबायची, थोडी पुढे सरकवायची, पुन्हा दाबायची. फॅब्रिकेटरचा पोरगा एका टोकाला, मी दुसऱ्या. तासाभराने वळण जुळलं. आठवी खुंटी कातळाला अडली. घण घातला तर तिचं डोकं अळंबीसारखं पसरलं. हॅक्सॉने कापून आखूड केली.
दोन पट्ट्यांचा सांधा वेल्ड करून टाक म्हटलं, तर पोरगा म्हणाला, "नको काका, उन्हाळ्यात सापासारखी होईल. फट ठेवा." रात्री हिशेब केला. पोलाद अंशामागे मीटरला बारा मायक्रॉन वाढतं. सहा मीटरची पट्टी, पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत तीस अंशांचा फरक, म्हणजे दोन मिलिमीटर. पोराने हिशेब न करता तेवढीच ठेवली होती.
मातीच्या वर अर्धा इंच पट्टी दिसते. जास्त ठेवली तर ठेच, कमी ठेवली तर हरळी वरून उडी मारणार.

२६ मे, सोमवार
मॉन्सून पुण्यात पोचल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. मेमध्ये! पट्टीमागची माती दाबायची राहिली होती, तिथे सकाळी लांबच लांब नाली झालेली. छत्री धरून चिखल पायाने तुडवला. ही खिडकीतून पाहत होती. चहा मात्र आत आल्यावरच मिळाला.

१२ जुलै, शनिवार
रेड ऑक्साइड दोन ठिकाणी सुटलं. हरळी पट्टीपाशी येऊन कडेकडेने पसरते आहे. वाफा स्वच्छ. माळी म्हणतो, "खालून येईल साहेब, ही काय चार इंचाला ऐकते?" येईलही. तोवर दर रविवारची खुरपणी वाचली.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणेश चतुर्थी. दूर्वा हव्यात, आणि माळ्याने कालच लॉन भादरून ठेवलेलं. एक शेंडा शाबूत नाही. हरळी म्हणजेच दूर्वा, हे वर्षातून एकदाच आठवतं.
ताटली घेऊन ही वाफ्यापाशी वाकली. "अहो, इथे आहेत की!" दोन पट्ट्यांच्या फटीतून एक धुमारा आत शिरून गुलाबाखाली हातभर पसरला होता. लांबसडक, कोवळा. त्याच्या तेरा निघाल्या. उरलेल्या आठ शेजारच्या वहिनींकडून आणल्या.