रुमाल

एस्. टी.च्या स्टँडवर गाडी लागली, की माझे मामा खिडकीतून आत रुमाल टाकीत. मामा चांगले उंच. त्यांचा हात थेट बाकापर्यंत पोचे. मग दाराशी चाललेल्या रेटारेटीकडे पाहत आम्ही सावकाश चढत असू आणि रुमाल उचलून ऐटीत बसत असू. आमच्याआधी चढलेली एखादी म्हातारी गाठोडे सावरीत शेजारी उभी असे. पण जागा ‘आपली’ होती. तिच्यावर आपला रुमाल होता!

या रुमालाची आठवण परवा अचानक झाली. नातीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. शंकरपाळे कातता कातता ती फणकाऱ्याने म्हणाली, “आजोबा, जागा आधीच राखून ठेवायच्या, तर परीक्षा तरी कशाला घ्यायच्या?”

तिचे डोळे भरून आले होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. कारण असलेच वाक्य मीही एकदा बोललो होतो.

१९७४ साली एका सरकारी कचेरीत कारकुनांच्या जागा निघाल्या. आमच्याकडे रोज वर्तमानपत्र येई. जाहिरात वडिलांनी कापून ठेवली, अर्जही त्यांनीच लिहून दिला. माझ्या एका वर्गमित्राच्या वस्तीत वर्तमानपत्र येत नसे. मीच त्याला जाहिरात दाखवली. त्याची निवड झाली, माझी झाली नाही. तो पेढे घेऊन घरी आला, तेव्हा मी हसत हसत म्हणालो, “तुझं बरं आहे बाबा, तुझ्यासाठी आधीच रुमाल टाकून ठेवला होता!”

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “खरं आहे. पण आमच्यासाठी रुमाल टाकणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं.”

पेढा मी खाल्ला. गोड काही लागला नाही.

पुढच्याच वर्षी मामांनी एका ओळखीच्या गृहस्थांकडे शब्द टाकला आणि मी नोकरीला लागलो. त्या शब्दाला रुमाल म्हणावे, असे तेव्हा माझ्या मनातही आले नाही!

मी कोल्हापूरचा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, हे ठाऊक होते. पण महाराज गादीवर आले त्या १८९४ साली कारभारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, हे फार उशिरा वाचले. म्हणजे रुमाल आधीच पडलेले होते. ज्यांचे होते त्यांना ते दिसत नव्हते, इतकेच. नुसत्या हुकमाने भागत नाही हेही महाराजांनी ओळखले होते. अभ्यासाला डोक्यावर छप्पर लागते, दोन वेळचे जेवण लागते. म्हणून त्यांनी वसतिगृहांना हात दिला. मला ते छप्पर जन्मतःच मिळाले होते. त्यालाच मी माझी हुशारी समजत आलो.

हे सारे मी नातीला सांगितले. तिचे दुःख खोटे आहे असे मात्र म्हणालो नाही. जागा थोड्या आणि माणसे फार, म्हणजे कुणीतरी उभे राहणारच. आणि उभे राहणाऱ्याचे पाय दुखतातच. गाड्या का वाढत नाहीत, हा प्रश्न आपण विचारायचा सोडून शेजाऱ्याच्या रुमालाकडेच पाहत बसतो.

ती बराच वेळ गप्प होती. शेवटी तिने विचारले, “मग तुम्ही त्यांची माफी मागितलीत का?”

पन्नास वर्षांत हे मला सुचले नव्हते! आम्ही लग्नामुंजींत भेटलो, एकमेकांची प्रकृती विचारली. ते वाक्य मात्र दोघांच्या मध्ये तसेच बसून राहिले.

यंदा भाऊबीज झाली, की फराळाचा डबा घेऊन मी त्याच्या गावी जाणार आहे. नातही येते म्हणाली. जाऊ एस्. टी.नेच. जागा नाही मिळाली, तर उभ्याने जाऊ.